माझ्या हातात ससे शांत असतात

६ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून चाचण्या मी घेणार. धाकटीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

विभागप्रमुखांनी हो म्हणायला आठवडा लावला. त्यांना सगळे पाठीमागे तराजू म्हणतात, कारण हा माणूस जन्मात कधी एका बाजूला झुकलेला नाही. आजही मला ऐकवलंच, “पण बाई, ज्यानं मेंदू कापला त्यानं चाचणी घ्यायची नाही, अशी आपली पद्धत आहे.” मला सांगतात! नव्या मुलांना ती पद्धत मीच शिकवते. कुठल्या सशाचं काय काढलंय हे कापणाऱ्याला माहीत असतं, मग त्याला हवं तेच दिसायला लागतं. पण ठोके मशीन मोजतं. मशीनला माझी भीड पडणार आहे का?

धाकटी म्हणजे माझी जाऊ. घरात वरच्या मजल्यावर राहते आणि इथं माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिला इथं चिकटवली मीच. ससे शिकवायचे आणि आकडे मांडायचे, एवढंच तिचं काम. आता बाईसाहेब माझ्या शस्त्रक्रियेवर मतं द्यायला लागल्या आहेत. मी लहान मेंदूचा मधला पट्टा काढला, स्वच्छ काढला, आणि ही सांगते, “ताई, ठोके अजून थोडे उतरतात. पट्टा गेला तरी शिकलेलं सगळं जात नाही.” वर नाकाने कांदे सोलत म्हणते, “आकडे असे आहेत, मी काय करू?”

पुढेमागे ही वही चाळली तर संदर्भ राहावा म्हणून लिहून ठेवते. सशाला खोक्यात बसवायचं. स्पीकरमधून एक सूर वाजतो आणि तो संपता संपता कानाला विजेचा बारीक चिमटा बसतो. असं काही वेळा झालं की नुसता सूर ऐकूनच सशाचं हृदय मंदावतं. माणसाचं काळीज धडधडतं, ससा दबकतो आणि त्याचे ठोके उतरतात. हे उतरणं तो शिकलेला असतो. ते मेंदूत कुठं राहतं, हा आमचा प्रश्न. अमिग्डाला नावाचा दाण्याएवढा भाग काढला की ते जातं, हे मी दोन वर्षांपूर्वी दाखवलं आणि आता ते कुणी नाकारत नाही. मधला पट्टा काढला तरीही जातं, हे यंदा दाखवणार आहे. दाखवणार म्हणजे दाखवणार.

९ फेब्रुवारी, गुरुवार

जिंकले.

पट्टा काढलेले सगळे ससे तपासले. सूर वाजतो आणि ठोक्यांची रेघ जागची हलत नाही. थोडे उतरतात म्हणे! एकदा तरी उतरायचे होते. धाकटीच्या मोजण्यातच खोट होती, हे आता कुणाही शेंबड्या पोराला कळेल.

शिवाय एक गोष्ट मला पहिल्यापासून माहीत होती. ती सशाला उचलते तेव्हा तो पाय झाडतो, तिच्या कोपरापर्यंत ओरखडे असतात. मी उचलला की ससा हूं की चूं करत नाही. कान मागे टाकून, पोट आत ओढून, गप हातात बसतो. आता बेशुद्ध करणं, टाके, नंतरची रोजची इंजेक्शनं, जखम पुसणं हे सगळं मीच करते, तेव्हा जनावराला हात ओळखीचा झालेला असणारच. माझ्या हातात ससे शांत असतात. धडपडणाऱ्या सशाचे ठोके मोजून ती निष्कर्ष काढत होती.

घरी आले तेव्हा वरून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. नवराही तिथंच होता, दिराशी गप्पा छाटत. मी जिन्यात पाय ठेवला तसं सगळं निवलं. आमच्या घरात अजून एवढी रीत आहे. मी सांगितलं, निकाल लागला म्हणून. “वा,” दीर म्हणाला. धाकटी कप उचलून आत गेली ती आलीच नाही.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

गडबड आहे.

आज खोट्या शस्त्रक्रियेचे ससे घेतले. म्हणजे कवटी उघडायची, आत कशालाही हात न लावता शिवून टाकायची. तुलनेसाठी असे ससे लागतात. त्यांचा मेंदू शाबूत, शिकलेलं शाबूत, तेव्हा सुराला त्यांचे ठोके उतरायलाच हवेत. एकाचेही उतरले नाहीत. पट्टा काढलेल्यांसारखीच सपाट रेघ.

स्पीकर तपासला, तारा तपासल्या. सूर खणखणीत वाजतोय.

तीन आठवड्यांपूर्वी हेच ससे धाकटीनं तपासले होते आणि तेव्हा ते व्यवस्थित उतरत होते. मग मधल्या काळात झालं काय? एकच होऊ शकतं. पिंजऱ्यावरच्या चिठ्ठ्या. पिंजऱ्यांच्या खोलीची किल्ली दोघींकडेच असते. मी चाचण्या हातात घेतल्याबरोबर हे व्हावं, एवढा योगायोग मी तरी बघितलेला नाही.

अंगाचा नुसता तिळपापड होतोय.

१५ फेब्रुवारी, बुधवार

विचारलं. आडून नाही, तोंडावर विचारलं. ती पिंजऱ्यांच्या खोलीत पाण्याच्या बाटल्या बदलत होती. मी दार लावून घेतलं.

“चिठ्ठ्या कधी बदलल्यास?”

“कसल्या चिठ्ठ्या?”

“साळसूदपणा पुरे. शाबूत ससे सपाट येतात. म्हणजे ते शाबूत नाहीत.”

बाटली खाली ठेवून ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “ताई, ससे तेच आहेत. माझ्याकडे उतरतात आणि तुमच्याकडे उतरत नाहीत. चिठ्ठीत काय शोधताय?”

“म्हणजे दोष माझ्यात?”

“मी असं म्हटलं नाही.”

“म्हणायची हिंमत नाही, असं सांग ना.”

ती परत बाटल्यांकडे वळली. तिची ही सवय मला लग्नाच्या मांडवापासून माहीत आहे. भांडण ऐन रंगात आलं की मूग गिळून बसायचं, म्हणजे समोरचा कजाग दिसतो. तिचा गळा मात्र लाल झाला होता. गुन्हेगाराचा होतो तसा.

अख्ख्या खोलीत त्या वेळी एकाही सशाची हालचाल नव्हती. चघळणंसुद्धा थांबलं होतं.

२० फेब्रुवारी, सोमवार

तक्रार दिली. तराजूंनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, घातला आणि परत वाचला. “घरचं माणूस आहे तुमचं. तिची नेमणूक मार्चअखेर संपते. ही तक्रार नोंदली तर पुढची मिळणार नाही, कळतंय ना?”

“कळतंय,” म्हटलं. “म्हणूनच मार्चच्या आधी दिली.”

आता एक तर माझा निकाल राहील नाहीतर ती. मध्ये काही नाही. मला एवढंच हवं आहे की मधला पट्टा म्हटलं की माझं नाव निघावं, आणि त्यात तिच्या त्या “थोडे उतरतात”चं शेपूट नको. बावीस वर्षं मी या खोलीत हात झिजवले आहेत. हिला येऊन किती दिवस झाले!

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ पाणी प्यायला.

“धाकट्याला काय सांगू मी?” म्हणाला.

“तुझ्या भावाला सांग, बायकोला आवर.”

“बरं.”

माझ्या कुठल्याच गोष्टीला हा नाही म्हणत नाही. लोक म्हणतात नशीबवान आहेस. आहेच. मी कुलपात किल्ली घातली की रेडिओ बंद करतो, मला दिवसभराचा शीण असतो म्हणून. त्याला मी एकदाही सांगितलेलं नाही. आपलं आपण शिकला.

२७ फेब्रुवारी, सोमवार

खोट्या शस्त्रक्रियेचे दोन ससे मारून मेंदूचे काप काढले. रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, तेही तराजूंच्या समोर. मधला पट्टा जसाच्या तसा. अमिग्डाला जसाच्या तसा. चिठ्ठ्या बरोबर होत्या.

तराजू म्हणाले, “मग तक्रार?”

मी म्हटलं, चिठ्ठ्या नाही तर दुसरं काही असेल. तिनं शिकवतानाच कच्चे ठेवले असतील. सुराचा आवाज कमीजास्त केला असेल. मला काय माहीत चोर कुठल्या खिडकीतून आला, सामान गेलंय एवढं मला दिसतं.

“बाई,” ते म्हणाले, “दुसऱ्या बाजूचंही ऐकायला हवं. तिनं एक मागणी केली आहे. आपण खोक्यात ससा ठेवतो, थोडा वेळ जाऊ देतो आणि मगच मोजायला लागतो. ती म्हणते, पिंजऱ्यापासून मोजा.”

सशांच्या कातडीखाली ठोके पाठवणारी चकती असते, त्यामुळे पिंजऱ्यातले ठोकेही पडद्यावर दिसू शकतात. बघत मात्र कुणी नाही. कशाला बघायचं? पिंजऱ्यात सूर वाजत नाही.

“मोजा,” म्हटलं. “माझं काय जातंय?”

१ मार्च, बुधवार

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

बाजूच्या खोलीत पडद्यासमोर तराजू, पशुवैद्य आणि धाकटी. पिंजऱ्यांच्या खोलीत कुणी नाही. आधी आमची सफाईवाली आत जाऊन आली, मग पशुवैद्य, मग धाकटी. प्रत्येकानं आत जायचं, एका पिंजऱ्याची कडी काढायची, परत लावायची आणि बाहेर यायचं. शेवटी मी. मी गेले, कडी काढली, लावली, आले. आत मला काही वेगळं दिसलं नाही. नेहमीसारखे शांत होते.

बाहेर आले तर कुणी माझ्याकडे बघेना. पशुवैद्य नखं बघत होता. धाकटीनं पडद्यावरची नोंद मागे नेऊन दाखवली.

सफाईवाली गेली तेव्हा रेघा थोड्या हलल्या आणि परत आल्या. पशुवैद्याच्या वेळी तसंच. धाकटीच्या वेळी तर चढल्या, तिच्या हातात खाणं असतं म्हणून असेल. मग मी. मी अजून दाराबाहेर होते, किल्ल्या काढत होते, आणि रेघा एकापाठोपाठ एक खाली आल्या. पट्टा काढलेले, शाबूत, सगळे. कडी काढली तेव्हा आणखी खाली. मी बाहेर येऊन दार लावलं तरी वर येईनात.

“सुराला ते आता कुठून उतरणार?” धाकटी म्हणाली. आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, निदान मला तरी शोधून सापडला नाही. “तुम्ही उचलता तेव्हाच ते तळाला गेलेले असतात. खोक्यात ठेवल्यावर आपण तेच ठोके नेहमीचे म्हणून धरले.”

मी म्हटलं, “आणि हे तीन?”

तीन रेघा कुणाच्याच येण्यानं हलल्या नव्हत्या. माझ्याही नाही.

पशुवैद्यानं पिंजरे बघितले आणि म्हणाला, “हे तुमचे जुने. अमिग्डाला काढलेले.”

मग मी वेड्यासारखं केलं. परत आत गेले आणि त्या तिघांतल्या एकाची कडी काढली. तो पुढे आला, माझी बोटं हुंगली, मनगटाशी नाक घासलं. बाकी सगळे कोपऱ्यात दगडासारखे बसलेले. बावीस वर्षं त्यालाच मी शांतपणा म्हणत आले. एवढ्या खोलीत मला न भिणारे तीन ससे, आणि त्यांच्यातलं भिणारं जे काही होतं ते माझ्याच सुरीनं काढलेलं.

मला रडू आलं नाही. राग आला. सगळ्यांचा, सशांचासुद्धा.

तराजू म्हणाले, “यात दोन बाजू नाहीत, बाई. तक्रार मागे घ्या.” जन्मात पहिल्यांदा झुकला, तो माझ्या विरुद्ध.

३ मार्च, शुक्रवार

तक्रार मागे घेतली. सही नेहमीसारखी वळणदार केली, हेही लिहून ठेवते.

घरी मी नवऱ्याला विचारलं, “मी आले की तुला काय होतं?”

“काय व्हायचंय?”

“नीट सांग.”

“काही नाही गं.” असं म्हणून तो उठला आणि टेबलावरचे पेपर उगाच सरळ करायला लागला. सरळच होते.

८ मार्च, बुधवार

धाकटीनं नवा बेत मांडला आहे, आणि बेत चांगला आहे हे मला दिसतं, त्याचीच जास्त आग होते. म्हणते, आकडे वाया घालवायचे नाहीत. सूर ऐकून दबकायला ससे शिकले, तसे एका माणसाला बघूनही शिकले. पट्टा नसताना ते शिकले आणि अमिग्डाला नसताना शिकले नाहीत, ही बातमी लहान नाही. शाबूत सशांमधून हे शिकलेलं पुसून टाकता येतं का, आणि पट्टा नसलेल्यांमधून पुसायला जास्त वेळ लागतो का, हे आता बघू.

“आणि यात मी कोण?” म्हटलं.

ती अडखळली. “पहिलं नाव तुमचंच राहील, ताई.”

“नाव नाही विचारलं. यात मी कोण? सुराच्या जागी कोण?”

“तुम्ही.”

म्हणजे झालं. बावीस वर्षांच्या शेवटी मी भोंगा. निबंधात जिथं सुराची पट्टी आणि आवाज किती होता ते छापतात, तिथं आता माझं वजन, उंची आणि कोटाचा रंग छापा म्हणावं. मी तिला हे बोलले. ती हसली नाही. पूर्वी असं काही बोलले की निदान कुणीतरी हसायचं. की तेही मला तसंच वाटायचं?

मग मी विचारलं, “तुला कधी कळलं हे?”

“संशय मागच्या वर्षीच आला होता.”

“मग सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं?”

तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. “सांगायला तुमच्यासमोर यावं लागतं ना, ताई.”

मी तिला काय काय ऐकवणार होते. सगळं तोंडाशी आलं होतं. तिचा गळा परत लाल झालेला दिसला आणि मी खोलीबाहेर गेले. शहाणपणानं गेले असं नाही, दुसरं काही सुचलं नाही म्हणून गेले.

तिची नेमणूक पुढच्या तीन वर्षांसाठी पक्की झाली. तराजूंनी मला शिफारस लिहायला लावली. तिची कामं खरी आहेत, ती लिहिली. गोड काही लिहिलं नाही.

१० मार्च, शुक्रवार

पुसण्याची पद्धत सोपी आहे. सूर वाजवायचा आणि चिमटा द्यायचा नाही. परत परत. शेवटी जनावराला पटतं की सुरानंतर काही होत नाही. माझ्या बाबतीत याचा अर्थ असा की रोज पिंजऱ्यांच्या खोलीत जायचं, स्टुलावर बसायचं आणि काही करायचं नाही. सुई नाही, कापूस नाही, कडीला हात नाही. बोलायचंही नाही. मला!

इंजेक्शनं आता पशुवैद्य देतो. त्याला कुठं टोचायचं ते धड कळत नाही. दारातून बघितलं आणि जीभ चावून परत फिरले.

१३ मार्च, सोमवार

बसले. काही करत नाही म्हणजे काय करायचं हे मला माहीतच नाही. हात मांडीवर ठेवले तर तेही कुणाचे तरी वाटतात. अमिग्डाला नसलेले तिघे जाळीशी येऊन बसतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही. बाकीच्यांकडे बघावं तर ते बघतच नाहीत.

रेघ खालीच.

१७ मार्च, शुक्रवार

आज धाकटीनं बाजूच्या खोलीतून छोट्या स्पीकरवर बोलायची सोय केली, मी उठून विचारायला आले की सगळं मोडतं म्हणून.

“ताई, पुढे वाकू नका. वाकलात की उतरतात.”

मी सरळ बसले.

“आता?”

“आता एकच थोडा वर आलाय. खालच्या ओळीतला, खिडकीजवळचा.”

बघितलं. करडा, शाबूत. तो चघळत होता. अगदी सावकाश, एक डोळा माझ्यावर ठेवून, पण चघळत होता. मी श्वास धरून ठेवला. काय सांगू, बावीस वर्षांत एवढं यश मला कशात मिळालं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि पुसायला हात उचलायची सोय नव्हती, तेव्हा तसेच राहू दिले.

“चढतोय, ताई,” स्पीकर म्हणाला. तिच्या आवाजातही आनंद होता. खरा होता. “असेच बसा.”

मला कुणाला तरी ते दाखवायचं होतं. शक्य तेवढ्या हळू म्हटलं, “तू पण ये की आत. दुसरं स्टूल आहे इथं.”

स्पीकर खरखरला.

“नको, ताई,” ती म्हणाली. “मी इथंच बरी आहे.”